फॉर्मवर 'व्यवसाय' काय लिहिता? वळणावळणाच्या नोकऱ्यांचा अनुभव धागा

कढीलिंब
काल बँकेत केवायसी करताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी अडकलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, काहीतरी एकच लिहा." तेव्हापासून जुनं सगळं डोक्यात फिरतंय.

दादरचं केटरिंग कॉलेज, मग पुण्यात बँक्वेट किचन. ब्रेक शिफ्ट. सकाळी इंडेंट (कोठारातून मागवायच्या मालाची यादी) काढा, दुपारी बेवारस फिरा, रात्री रिसेप्शन उरकेपर्यंत दीड. त्या वेळी पीएमटीची बस नाही, रिक्षा दीडपट. म्हणून सायकल घेतली. शौक वगैरे नंतर. गुडघे बोलायला लागल्यावर एका कॉलेजात फूड प्रॉडक्शन शिकवायला लागलो. पोरं कणीक मळताना टिवल्याबावल्या करायची, पण कॉस्टिंगच्या तासाला चिडीचूप.

मग एका संस्थेला चौकात सायकली मोजायला माणसं हवी होती. सुट्टी होती, गेलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मोजणी नऊला सुरू व्हायची. पण दूधवाले, वॉचमन, हॉटेलातली पोरं सहालाच निघून गेलेली असतात, हे मला ठाऊक, कारण मी त्यातलाच. वेळ बदला म्हणालो, तर त्याचं टिपण लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. आजतागायत टिपणंच लिहितोय. २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण सांगतं की वाहनांपेक्षा माणसांच्या जाण्यायेण्याचा विचार करा. २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पंगतीला चारशे पानांचा अंदाज बांधणं आणि हे, मला फार वेगळं वाटत नाही. कोण जेवायला येणार ते आधी बघायचं.

फॉर्मवर 'नोकरी' लिहून सुटलो. तुमचं सांगा.

झेडपीची बाई
मी डीएड. फळ्याआधी तांदूळ. पहिली ते पाचवी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५०, गुणिले हजेरी. आमच्या शिजवणाऱ्या मावशी वहीकडे न बघता मुठीने घालायच्या, वजन बरोब्बर. आता तालुक्याला पोषण आहाराची प्रशिक्षणं घेते, त्यात मावशींना पुढे बसवते. बाकी नंतर, परिपाठाची घंटा झाली.

उपाशी विठोबा
बँक्वेटपर्यंत वाचलं आणि डबा उघडला. धागा कशाचा आहे?

डबलसीट
रात्री दीडला सायकल? आणि कुत्री??

कढीलिंब
खिशात उरलेले ब्रेड रोल असायचे. नंतर तर सोडायला यायची.

पोळीभाजीवाली
फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. सदाशिव पेठेत एमपीएससीच्या पोरांची खानावळ. जेवणासोबत इंग्रजी व्याकरण फुकट (एमए आहे हो मी). सकाळी पोह्यांची गाडी. ती उचलून नेली तेव्हा एका पोराने २०१४ चा पथविक्रेता कायदा छापून आणून दिला. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या! आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता लोक अर्ज लिहायला मलाच बोलावतात, पोहे सून बघते. तो पोरगा अभ्यास सोडून नगरला सायकलचं दुकान काढून बसलाय. मजेत आहे. थांबा, कुकर

झेडपीची बाई
ताई, पोह्यात दाणे?

पोळीभाजीवाली
हवेतच. मी साताऱ्याची आहे.

उत्रेख्तकर
पुण्यात गणिताचे क्लास घ्यायचो, इथे नेदरलँड्समध्ये येऊन वाहतूक नियोजन शिकलो, होळीला मंडळासाठी पुरणपोळ्या लाटतो. इथे मुलांची शाळेतच रहदारीची परीक्षा होते. स्टेशनच्या पार्किंगमध्ये १२,५०० सायकली मावतात. पाहुणे आले की तेच दाखवायला नेतो. त्यात स्वतःची शोधणं हा वेगळा व्यवसाय.

डबलसीट
हँडलला लाल रिबीन बांध. गरवारे पुलाखाली आम्ही तेच करायचो.

उपाशी विठोबा
पुरणपोळी कुरिअर होते का?

चेनकव्हर
मराठवाड्यातून. आमच्या तालुक्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना सायकली आल्या. शिकवायला मी, याद्या करायला मी, नट आवळायलाही मीच. गावात पंक्चरवाला नाही. शेवटी कार्यानुभवाच्या तासाला मुलींनाच पंक्चर काढायला शिकवलं. परात आणायची ती खिचडीच्या खोलीतून, मावशी ओरडायच्या. त्यातली एक आता तालुक्याच्या गावी दुकान चालवते, माझ्याकडून पैसे घेत नाही. पुढे जिल्ह्याच्या बैठकीत सायकलीसोबत पंप पण द्या म्हणालो, तेव्हापासून बैठकांनाच बोलावतात.

झेडपीची बाई
परातीवरून मावशींची बाजू घेणार मी.

कढीलिंब
पंपावरून आठवलं, जुन्या सायकलीला व्हॉल्व्हट्यूब हवी आहे. इकडे कोणी ठेवतच नाही.

चेनकव्हर
तिच्या दुकानात आहे. किती पाठवू?