अनुभव धागा: पीसीबीवरून जास्त करंट नेताना

धागाकर्ता

इन्व्हर्टर, चार्जर, ई-रिक्षाचा कंट्रोलर, काहीही असो. दहा ॲम्पिअरच्या पुढे गेलं की पीसीबी, म्हणजे आतलं सर्किट बोर्ड, वेगळंच वागायला लागतं. ट्रॅकची (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीची) रुंदी काढून देणारे कॅल्क्युलेटर ढीगभर आहेत, ते इथे नकोत. काय तापलं, काय उडालं आणि त्यावर काय केलंत ते लिहा.

सुरुवात मीच करतो. नेहमीचं ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं, ५ मिमी रुंद ट्रॅक, १० ॲम्पिअर. तक्ता म्हणतो साधारण २० अंश तापेल, चालतंय. पण ट्रॅक होता १० सेमी लांब. ३५ मायक्रॉनच्या कुठल्याही चौरसाचा रेझिस्टन्स अर्धा मिलिओहम धरायचा. इथे लांबी भागिले रुंदी वीस चौरस, म्हणजे १० मिलिओहम. शंभर मिलिव्होल्ट वाटेतच गेले आणि एक वॉट उष्णता झाली. १२ व्होल्टला कोणी विचारत नाही, पण ३.३ व्होल्टच्या लाइनवर प्रोसेसर रीसेट होऊ शकतो. तेव्हापासून मी रुंदीआधी लांबी कमी करायला बघतो.

रिपेअरवाला

मी इन्व्हर्टर दुरुस्त करतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ७०० वॉटचा लोड म्हणजे सत्तर ॲम्पिअर सहज. टेबलावर येणाऱ्या बोर्डात मधला ट्रॅक जळालेला क्वचित. काळं पडलेलं असतं ते बॅटरीचा लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) बसतो तिथे, नाहीतर ट्रान्सफॉर्मरची वायर सोल्डर केलेल्या जागी. सोल्डरला गोल भेग, बोर्डाला कार्बन धरलेला. नुसतं सोल्डर वितळवून दिलं की महिन्या-दोन महिन्यांत तेच बोर्ड परत. कार्बन पूर्ण खरवडायचा, तांबं लख्ख दिसलं पाहिजे.

ट्रॅकवर सोल्डरचा थर देतात, त्याबद्दल. सोल्डरचा रेझिस्टन्स तांब्याच्या आठपट तरी असतो. पातळ मुलामा दिसायला छान, उपयोग शून्य. मी जुन्या वायरिंगमधली २.५ स्क्वेअर मिमीची सिंगल स्ट्रँड वायर सोलून ट्रॅकच्या वळणाने वाकवतो आणि पूर्ण लांबीभर सोल्डर करतो. ती एक तार म्हणजे ३५ मायक्रॉनचा ७० मिमी रुंद ट्रॅक! २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने हे होत नाही, उगाच पॅड (सोल्डर करायची तांब्याची जागा) उचलून बसाल.

मिलिओहम_ताई

रिपेअरवाले दादांशी सहमत, डिझाइनच्या बाजूनेही तेच दिसतं. चार मॉस्फेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) ओळीने पॅरलल. सप्लाय डावीकडून आत आणि डावीकडूनच बाहेर. थर्मल कॅमेऱ्यात डावीकडचा पहिला लालभडक, शेवटचा निवांत, पंगतीत पहिल्या पानावरच सगळं वाढल्यासारखं. आत एका टोकाने, बाहेर दुसऱ्या टोकाने असं केलं की वाटा बराच सारखा होतो.

व्हायाचंही (एका लेयरवरून दुसऱ्या लेयरवर करंट नेणाऱ्या भोकाचंही) तसंच. ०.३ मिमीचं भोक आणि आत २५ मायक्रॉन प्लेटिंग म्हणजे जेमतेम ०.७ मिमी रुंदीचा ट्रॅक. वीस व्हाया ठोकले तरी करंट येतो त्या बाजूची रांगच जास्त ओढते.

आतल्या लेयरला घाबरणाऱ्यांसाठी: बोर्ड डिझाइनचं जुनं मानक आयपीसी-२२२१ आतल्या ट्रॅकला निम्माच करंट देतो. २००९ च्या आयपीसी-२१५२ मध्ये तसं राहिलं नाही, कारण स्थिर हवेपेक्षा एफआर-४ मधून (बोर्डाच्या फायबरग्लासमधून) उष्णता बरी वाहते. आमचे साहेब अजून जुनाच तक्ता काढतात. असो.

गोकार्ट_टीम

कॉलेजच्या इलेक्ट्रिक कार्टसाठी बोर्ड करतोय. सरळ ७० मायक्रॉन घेतलं तर?

मिलिओहम_ताई

घ्या, पण दोन ट्रॅकमधलं अंतर वाढवावं लागेल. बारीक पायांचा आयसी त्याच बोर्डावर असेल तर फॅब्रिकेटर (बोर्ड बनवणारा) फाइल परत पाठवेल. पॉवर आणि कंट्रोल वेगळी बोर्डं करा. आणि जास्त करंटच्या पॅडला थर्मल रिलीफच्या (सोल्डरिंग सोपं व्हावं म्हणून पॅड तांब्याला जोडणाऱ्या) चार बारीक काड्या ठेवू नका, सगळा करंट त्यांतूनच जातो.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत गाड्यांच्या बोर्डात ४०० मायक्रॉनपर्यंत तांबं, नाहीतर तांब्याची पट्टीच. टर्मिनल सोल्डर न करता दाबून बसवलेलं. महाग प्रकरण.

खारा_वारा

रत्नागिरी. सोलर पंपाची बोर्डं बघतो. वायरचं टोक टिनिंग करून (सोल्डर लावून) स्क्रू टर्मिनलमध्ये आवळायची सवय आपल्याकडे फार. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू सैल होतो, मग टर्मिनल वितळतं. वर खारी हवा. फेरूल (वायरच्या टोकावर बसणारी धातूची नळी) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा.

गोकार्ट_टीम

धन्यवाद! दादा, थर्मल कॅमेरा नसेल तर वाईट जोड शोधायचा कसा?

रिपेअरवाला

लोड चालू ठेवून मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लाव. एक प्रोब लगवर, दुसरा त्याच जोडाच्या पलीकडच्या तांब्यावर. वीस ॲम्पिअरला ४० मिलिव्होल्ट दिसले तर जोड २ मिलिओहमचा, जवळपास पाऊण वॉट तिथेच जळतोय. शेजारचा तसाच जोड ५ दाखवत असेल तर ४० वाला खोल.