पावसाळ्यात रणगाडा रंगवताना लॅकर नकोच!

घोडबंदर_३५ (धागाकर्ता)

जून ते सप्टेंबर ठाण्यात, नवी मुंबईत मॉडेलवर लॅकर, म्हणजे झपाट्याने उडणाऱ्या तीव्र थिनरचा रंग, मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरणाला टी-५५ रणगाड्याचा १/३५ मापाचा प्लॅस्टिकचा नमुना घेतो. आपल्या लष्कराने वापरलेला म्हणून इथल्या बहुतेकांनी तो जोडलेला असतो किंवा खोक्यात वाट बघत पडलेला असतो.

लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. जुलैच्या संध्याकाळी खोलीत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ च्या आसपास येतो. म्हणजे बुरुज जेमतेम तीन अंशांनी गार झाला की हवेतलं पाणी थेट ओल्या रंगावर बसतं आणि ऑलिव्ह ड्रॅबवर (लष्करी हिरव्यावर) दुधाळ झाक येते. एसीने खोली २५ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणली तर दवबिंदू १५ पर्यंत उतरतो, दहा अंशांची सवड मिळते. इथवर ठीक.

पण एक्झॉस्टचं काय? दहा बाय दहाच्या खोलीत साधारण २५ घनमीटर हवा असते. मिनिटाला ४ घनमीटर ओढणारा स्प्रे बूथ (वाफ बाहेर टाकणारा पंखा लावलेला खोका) चालवला तर चार मिनिटांत जवळजवळ निम्मी हवा बदलते, आणि तिच्या जागी येते ती खिडकीतली, खाडीवरची दमट हवा. एसीची मेहनत वाया. एक्झॉस्ट बंद ठेवला तर स्प्लिट एसी तीच वाफ खोलीत फिरवत बसतो, कारण तो हवा बाहेर टाकतच नाही. त्यात वन बीएचके, पलीकडे गॅस पेटलेला.

त्यापेक्षा टामियाचं ॲक्रिलिक घ्या. एक्सएफ-६२ (ऑलिव्ह ड्रॅब) आणि एक्स-२०ए थिनर एकास एक, एअरब्रशला ०.३ चं नोझल, हवेचा दाब १५ पीएसआय, अंतर ८ ते १० सेंटीमीटर. तीन पातळ हात, दोन हातांमध्ये वीस मिनिटं. काम होतं.

ऐरोलीचा_गंज

साफ असहमत. हवेत पाणी जास्त म्हणून लॅकर नको म्हणता, मग ज्या रंगाचं थिनरच पाणी आहे तो त्या हवेत वाळणार कधी?

आणि उदाहरण सोयीचं निवडलंय तुम्ही. टामियाच्या ॲक्रिलिकमध्ये अल्कोहोल असतं, तेही उडतं आणि तेही पृष्ठभाग गार करतं. खरं पाण्याचं ॲक्रिलिक म्हणजे व्हालेहोसारखं, आणि पावसाळ्यात त्याची फजिती बघा. त्यांचा पॉलियुरेथेनचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) वरून वाळलेला वाटतो, खालून रबरासारखा राहतो. एरवी चोवीस तासांनी चालतं, या दिवसांत अठ्ठेचाळीस तास तरी हात लावू नये. घाईने वॉटर पेपर मारला तर कडा गुंडाळून वर येतात, मास्किंग टेप काढली की रंगाचा पापुद्रा टेपबरोबर. टी-५५ च्या बुरुजावर आकडे मास्क करून मारायचे असतील तर हे परवडत नाही.

लॅकरची झाक हा थिनरच्या वेगाचा प्रश्न आहे, लॅकरचा नाही. मिस्टर लेव्हलिंग थिनर या लॅकरच्या थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे वाळणं लांबवणारा घटक, असतोच. त्यामुळे रंग सावकाश वाळतो, गारवा कमी पडतो आणि पाणी बसलंच तर रंगाचा थर वरून मिटण्याआधी उडून जातं. मिस्टर सर्फेसर १२०० या लॅकर प्रायमरचा एक भाग, हे थिनर दोन भाग, १२ ते १५ पीएसआय. ओला थर नको, धुक्यासारखे हात. झाक आलीच तर नुसतं तेच थिनर हलकं फवारा, थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. तुमच्या ॲक्रिलिकला ही सोय आहे का?

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मात्र यात घालू नका. ते फार तीव्र, प्लॅस्टिक खातं. एअरब्रश धुवायला उत्तम.

नेरुळ_लोकल

दोघांच्या वादात दोन वेगळे दोष एकत्र होऊ शकतात, म्हणून आधीच वेगळे करतो. रंगात मध्येच पाण्याचे थेंब पडणं वेगळं आणि झाक येणं वेगळं.

थेंब येतात कॉम्प्रेसरमधून. एअरब्रश मिनिटाला १२ लिटर हवा घेतो असं धरा. अर्ध्या तासात ३६० लिटर, म्हणजे वरच्या आर्द्रतेला सुमारे ९ ग्रॅम बाष्प. तीन बारला दाबून ती हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला आली की त्यातलं ६ ते ७ ग्रॅम पाणी होतं, चहाचा चमचा भरून वर थोडं. पिस्टनजवळ हवा गरम असते, त्यामुळे तिथेच लावलेल्या ट्रॅपमधून (पाणी अडवणाऱ्या गाळणीतून) बाष्प निसटतं आणि पुढे पाइपात त्याचं पाणी होतं. दोन-तीन मीटर पाइप जाऊ द्या आणि दुसरा छोटा ट्रॅप एअरब्रशच्या मुठीखाली बसवा. टाकीचा खालचा कॉक दर वेळी काम संपल्यावर उघडा.

गंमत अशी की तीन बारवरून सुटून बाहेर आलेली हवा खोलीतल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. झाक आणते ती आजूबाजूची हवा. तेव्हा झाक घालवायला महागडा ट्रॅप घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

घोडबंदर_३५

@नेरुळ_लोकल, हे पटलं, आणि यात माझाच मुद्दा पक्का होतो. दोष खोलीच्या हवेत आहे, आणि ती एक्झॉस्ट चालू असताना बदलता येत नाही.

@ऐरोलीचा_गंज, रिटार्डरने रंग सावकाश वाळतो म्हणजे वाफही जास्त वेळ निघत राहते. रंगवून झाल्यावर तासभर तो रणगाडा कुठे ठेवता? त्याच खोलीत ना? एन९५ मास्क लावून सुरक्षित वाटून घेणारे बरेच आहेत. तो रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेला ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि कार्ट्रिज वापर नसतानाही उघड्यावर संपत जाते, काम झालं की हवाबंद डब्यात ठेवायला हवी. शिवाय स्वयंपाकघरातला साधा एक्झॉस्ट पंखा बूथला जोडतात लोक. त्याची मोटर थेट वाफेच्या झोतात, एक ठिणगी पुरे.

पाचपाखाडी_फ्लॅट_ब्रश

मधला रस्ता कुणी मांडला नाही. टामियाचंच ॲक्रिलिक, पण थिनर लॅकरचं. एकास दीड. नुसत्या ॲक्रिलिकपेक्षा घट्ट धरतं, मास्किंग सोसतं. रंगाची एक बाटली दोन्हीकडे चालते.

घोडबंदर_३५

वाफ तीच की! थिनर लॅकरचं म्हटल्यावर बाटलीवर ॲक्रिलिक लिहिलंय याने फुप्फुसाला काय फरक पडतो?

ऐरोलीचा_गंज

निदान इथे आपलं एकमत. वाफेचा मुद्दा मी नाकारत नाही, कार्ट्रिज आणि मोटर वाफेपासून बंदिस्त असलेला बूथ हवाच. माझं म्हणणं एवढंच की कमकुवत थर हीसुद्धा किंमत आहे, ती तुम्ही हिशेबात धरत नाही. एक सांगा, ॲक्रिलिकवर इनॅमलचा वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) कधी घालता?

घोडबंदर_३५

ग्लॉसचा हात मारून दोन दिवसांनी. पावसाळ्यात तीन. आणि वॉश चाकं धरणाऱ्या आर्मवर साचू द्यायचा नाही. रंग न पोहोचलेल्या सांध्यात थिनर मुरलं की ताणलेलं प्लॅस्टिक तडकतं. हे लॅकरखालीही होतंच, त्यामुळे तो तुमच्या बाजूचा मुद्दा होत नाही.

खारघर_ऑक्टोबर

चार महिने रंगवायचंच कशाला, हे कुणीच विचारत नाहीये. टी-५५ मध्ये जोडणीचं काम थोडं आहे का? एकेका बाजूला पाच जोडचाकं, म्हणजे दोन्ही बाजूंची आतली-बाहेरची मिळून वीस रबरी कडा घासायच्या. पहिल्या आणि दुसऱ्या चाकातलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त असतं. आर्म चिकटवताना काचेवर ठेवून सगळी टेकतात का बघा, एक जरी वर राहिला तर नंतर पट्टा बसवताना उघडं पडतं.

सुट्या कड्यांचा पट्टा असेल तर एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या आणि बहुतेक किटमध्ये प्रत्येकीवर साच्यातल्या इजेक्टर पिनचे खड्डे. दिसतील तेवढेच भरा, खालच्या बाजूचे सोडा. टी-५५ ला वरचे रोलर नाहीत, पट्टा चाकांवर झोपलेला हवा. सपाट पट्टीवर कड्या जोडून पातळ सिमेंट (प्लॅस्टिकचा गोंद) लावायचं, अर्ध्या-पाऊण तासात तो वाकण्याइतका मऊ असतो, तेव्हाच चाकांवर गुंडाळून वरून फोमचे तुकडे दाबून रात्रभर ठेवायचं. चाकं आणि पट्टा एकत्र सुटे निघतील असं केलं तर रंगवायला सोपं. एवढं होईस्तोवर नवरात्र येतं.

ऐरोलीचा_गंज

थांबण्याचा सल्ला ऐकायला बरा, पण पुटी भरलेली जागा प्रायमरशिवाय कळत नाही. ओतीव बुरुजाचा खरखरीतपणा सिमेंट आणि ताठ ब्रशने आणलात, तो बरा उतरलाय की नाही हे करडा रंग बसल्याशिवाय सांगता येणार आहे का? प्रायमर पावसातच मारावा लागतो, आणि घासायचा तर तो लॅकरचाच.

खारघर_ऑक्टोबर

तेवढ्यापुरतं मान्य. बुरुज आणि पुढची चिलखती पाटी, बाकी नाही. जोरदार सर ओसरून आकाश उघडलं की आर्द्रतामापक बघा, ७० च्या खाली काटा आला तर दहा मिनिटांत उरका.

पाचपाखाडी_फ्लॅट_ब्रश

शेवटच्या मॅट वार्निशबद्दल कुणीच बोललं नाही. सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. लॅकर मॅट जाड बसला आणि हवा दमट असली की कोपऱ्यांत पांढरं धुकं साचतं, आणि गडद हिरव्यावर ते लपत नाही. डेकलखाली (चिकटवायच्या चित्र-आकड्यांखाली) हवा राहून आलेली चंदेरी चकाकी वेगळी. ती मॅट रंगावर थेट डेकल लावल्याने येते, वार्निशने नाही.

घोडबंदर_३५

म्हणून मॅटही पाण्याचाच. बाटली हलवू नका नुसती, तळाशी बसलेली पावडर काडीने ढवळा, मग एकास एक पातळ करून दोन हलके हात. आधी चमच्याच्या पाठीवर मारून एक रात्र थांबा.

ऐरोलीचा_गंज

चमच्यावर माझा लॅकरचा मॅटही मारेन. लेव्हलिंग थिनर घालून, एकास तीन. दोन्ही चमच्यांचे फोटो इथेच टाकू, एकाच दिवशी, आर्द्रतामापक शेजारी ठेवून.