तेजस मार्क-१ए : रांगेने कधी येणार?

मेघश्याम_के
१७ ऑक्टोबर २०२५ला नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए, म्हणजे आपल्या लढाऊ विमानाचं सुधारित रूप, ओझरला उडालं, तो व्हिडिओ पाच वेळा पाहिला. छाती फुगली, पण शंका जाईना. तेजसचा प्रकल्प मंजूर झाला १९८३ला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, पहिली स्क्वाड्रन (हवाई दलाची तुकडी) जुलै २०१६. ज्यांनी कागदावर पहिली रेघ ओढली ते केव्हाच निवृत्त झाले असतील. मिग-२१ला तर सप्टेंबरात निरोपही दिला. हे येईपर्यंत जुनं नाही का व्हायचं? आणि १८० विमानं म्हणतात, ती कधी?

रडारवेडा
१८०चा हिशोब : २०२१च्या करारातली ८३, सप्टेंबर २०२५च्या करारातली ९७. दुसरा करार ६२,३७० कोटींचा. जुनं म्हणाल तर बाहेरून तेच दिसतं, पण रडार नव्या पद्धतीचं आहे. अँटेना न हलवता किरण वळवतं. मला विचाराल तर अडचण विमानात नाही, संख्येत आहे. मंजूर स्क्वाड्रन ४२ आणि हातात जेमतेम तिशीच्या आत.

हँगरमधला
विमानांच्या जोडणीवर २६ वर्षं काढली. कारखान्याचं नाव नको. तेजसवर नव्हतो, पण हे दुखणं ओळखीचं आहे.

लोकांना वाटतं, विमान म्हणजे मोटारीसारखं. पट्टा फिरला की बाहेर. तसं नसतं हो. तेजसच्या पंखांचं आवरण कार्बनच्या थरांचं. ॲल्युमिनियमला भोक पाडायला हात बसलेला माणूस तिथे नवशिक्या होतो. ड्रिल पलीकडे निघताना जोर जास्त पडला, की मागचा थर उचकटतो. म्हणून मागून आधार धरायचा आणि काळी पूड तिथल्या तिथे व्हॅक्यूमने ओढायची. कार्बनला ॲल्युमिनियम थेट टेकलं की ओल येताच ते गंजायला लागतं, म्हणून ठिकठिकाणी टायटॅनियमचे बोल्ट. हे सगळं हाताने शिकावं लागतं. मॅन्युअल वाचून ड्रिलवर किती जोर द्यायचा ते कळत नाही.

पण हे जमलं तरी गाडी अडते इंजिनाशी. ते अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-४०४, आणि त्याचं हे खास रूप फक्त तेजससाठी. पहिली ६५ इंजिनं २०१६पर्यंत आली आणि अमेरिकेतली उत्पादनाची लाइन थंड पडली. २०२१ला आपण ९९ मागवली, तेव्हा सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी नव्याने जुळवावी लागली. त्यातलं पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५मध्ये.

आमच्याकडे एकदा एका व्हॉल्व्हपायी तयार विमान अडीच महिने कोपऱ्यात उभं होतं. मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह. रोज सकाळी कव्हर उचलायचं, टायरची हवा बघायची, कव्हर टाकायचं. पोरं त्याला 'जावईबापू' म्हणायची.

मेघश्याम_के
काका, मग आपल्या देशी कावेरी इंजिनाचं काय झालं? आणि दुबईतल्या तेजसच्या अपघाताबद्दल तुमचं मत?

हँगरमधला
कावेरीला १९८९ला मंजुरी मिळाली, ८१ किलोन्यूटन जोराचं लक्ष्य ठेवून. तेवढा जोर येईना, म्हणून २००८मध्ये तेजसपासून वेगळं काढलं. टर्बाइनचं पातं ज्या वायूत फिरतं, तो त्या धातूच्या वितळणबिंदूहून गरम असतो. पातं टिकतं ते पोटातून काढलेल्या बारीक भोकांतून हवा खेळवल्यामुळे, आणि अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओतल्यामुळे. ही विद्या कुणी विकत देत नाही. म्हणून मी तेजस मार्क-२ आणि आम्का या पुढच्या लढाऊ विमानांच्या चित्रांकडे नंतर बघतो, आधी इंजिनाच्या बातम्या वाचतो.

दुबईवर बोलणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ला त्यात विंग कमांडर नमांश स्याल गेले. चौकशीआधी तर्क लढवणं आमच्या धंद्यात पाप.

रडारवेडा
नोव्हेंबर २०२५मध्ये ९७ विमानांसाठी आणखी ११३ इंजिनांचा करार झालाय. म्हणजे या वेळी लाइन मध्येच थंड पडायला नको.

हँगरमधला
ही बातमी मला उड्डाणाच्या व्हिडिओपेक्षा मोठी वाटली. इंजिनं वेळेवर आली तर बंगळुरूच्या दोन आणि नाशिकची एक अशा तीन लाइन मिळून वर्षाला २४ विमानं काढता येतील. वर्ष संपलं की मोजू. तोवर जावईबापू कोपऱ्यातच.