आवडतं गाणं सांगा, पण चार मिनिटांच्या आतलं

बेसूर_बाजीराव: आवडतं रॉक-पॉप गाणं विचारलं की लोक 'स्टेअरवे टू हेवन' नाहीतर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सांगून मोकळे होतात. भारी आहेत, वाद नाही. पण छोट्या गाण्यात लपायला जागा नसते, म्हणून ते जास्त अवघड. माझी निवड अबा बँडचं 'डान्सिंग क्वीन' (१९७६). पियानोवरून बोटं घरंगळतात आणि गाणं सुरू होतं ते थेट ध्रुवपदाच्या मध्यातून! जणू आपण उशिरा पोचलो, दार उघडलं आणि आत नाच रंगात आलाय. पहिलं कडवं त्यानंतर. पन्नासदा ऐकून झाल्यावर लक्षात आलं हे माझ्या. दुसरं बीटल्सचं 'येस्टरडे' (१९६५). जेमतेम दोन मिनिटं, पॉल मॅकार्टनीचा आवाज, त्याचीच गिटार आणि चार तंतुवाद्यं. बाकीचे तिघे बीटल्स त्यात नाहीतच. आता तुमची सांगा. अट एकच, चार मिनिटांच्या आत.

मंद्रसप्तक: अट अमान्य. सात इंची तबकडीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात साधारण तीन मिनिटं मावायची, रेडिओवाल्यांनाही ती सोयीची. तबकडीचं माप ते, तुम्ही त्याला कला म्हणताय. लेड झेपलिनचं 'स्टेअरवे' (१९७१) आठ मिनिटांचं. चार मिनिटं उलटून जातात तरी ड्रमचा पत्ता नाही. गिटार, आणि रेकॉर्डर नावाच्या त्या बासऱ्या. मग त्यांचा ड्रमर बॉनमचा पहिला ठोका पडतो आणि काटा येतो, तो इतका वेळ ताटकळल्यामुळेच. तुमच्या अटीत ठोक्याआधीच गाणं संपतं की हो!

बेसूर_बाजीराव: काटा मलाही येतो. पण प्रत्येकाला ते साधत नाही ना. बीटल्सचंच 'हे ज्यूड' (१९६८) घ्या. सात मिनिटांतली शेवटची चार नुसती 'ना ना ना'.

कॅसेटवाली: 'हे ज्यूड'ला नावं ठेवायची नाहीत! ती चार मिनिटं ऐकायची नसतात, गायची असतात. माझा गळा बाजीरावांपेक्षा बेसूर असूनही मी गाते. आणि मंद्रसप्तक, ते सिंगल (सुटं विकायला काढलेलं गाणं) होतं बरं का, त्याच सात इंची तबकडीवर सबंध सात मिनिटं मावलं. तेव्हा तुमचाही मुद्दा जरा ढिलाच.

मंद्रसप्तक: बसवलं म्हणून बसलं. नेहमी कोण बसवत होतं?

उगाच_एक: माझं मत मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'ला. जवळपास अर्धा मिनिट नुसते ड्रम आणि बेस, मग कुठे आवाज. निर्माते क्विन्सी जोन्स यांना ती सुरुवात लांबलेली वाटत होती, कापायची होती. जॅक्सन बधला नाही, म्हणाला की तिच्यामुळेच नाचावंसं वाटतं. गाणं चार मिनिटांच्या वर, पाचच्या आत, म्हणजे अटीत नापास.

बेसूर_बाजीराव: 'बिली जीन' सोडवत नाही. बरं, अट पाच मिनिटं केली.

मंद्रसप्तक: मग आता तीनच मिनिटांचा प्रश्न उरला. थांबतो. ताटकळायची सवय आहे.