सज्जनगडाच्या कड्यावर शिंदळ माकुडी दिसली, फांदी घरी लावू का?

डोंगरवाट: रविवारी गडाच्या मागच्या अंगानं उतरताना कातळाच्या फटीतून लोंबणाऱ्या मांसल फांद्या दिसल्या. फूल चांदणीसारखं, तांबूस-तपकिरी, वर पिवळे ठिपके. चुलते म्हणाले, शिंदळ माकुडी. पण हातभर वरच घाणेरीची जळकी खोडं, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा तिथवर आलेला. चार फांद्या कुंडीत लावल्या तर निदान जात तरी टिकेल ना? फोटो टाकलाय, जागाही लिहिलीय.

परळीकर: आधी ती जागा पुसून टाक बाबा. उद्या पिशव्या घेऊन लोक हजर होतील.

फांदी काय, कुठंही रुजते. परदेशातल्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ती मजेत आहे. रानात मात्र फक्त महाराष्ट्रात, तीही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच कड्यांवर. नाव फ्रेरिया इंडिका, साताऱ्याचा रेसिडेंट (संस्थानातला इंग्रजांचा प्रतिनिधी) आणि पुढं मुंबईचा गव्हर्नर झालेल्या फ्रेअरवरून. (साहेबाचं नाव लागलं, आमच्या गुराख्यांचं शास्त्रात कुठंच नाही, असो.) अडचण रोपाची नाही, त्या फटीची आहे.

पावसाळा सरला की पानं गळतात. वाळल्या गवतात नुसती कांडी उरते, ती कुणाला दिसतच नाही, आणि नेमका तेव्हाच वणवा लागतो. खोटं कशाला सांगू, पोरवयात मीही काडी ओढलीय. जाळलं की पुढच्या साली गवत जोमानं येतं, असं थोरले सांगायचे. जिथं शेळी पोचत नाही, तिथंच ही उरलीय. आग मात्र कड्यावरही चढते.

शिराळ्याचा: आमच्याकडं चांदोलीच्या बाजूला वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा. तुम्हीही त्यांना विचारून कड्याच्या माथ्यावर आठ-दहा हात रुंद गवत कापा. पेटवू नका, विळ्यानंच. आणि कापलेलं तिथं ठेवू नका.

डोंगरवाट: जागा पुसली. एक फांदी मात्र आधीच आणलीय काका, आता ओरडू नका. जानेवारीत गवत कापायला येता का?

परळीकर: विळे दोन आहेत माझ्याकडं, गुडघा एकच धड आहे. माथ्यावर बसून कापेन, खाली तू उतर. आणि कुंडीला पाणी बेतानं घाल, सडेल ती.