हवामान संशोधनाचे सामाईक प्रकल्प: सरकारी पैसा बंद करायचा की वेळेवर द्यायचा?

कृष्णाकाठ

काल दुष्काळाच्या चर्चेत 'माणदेशी' यांनी लिहिलं: "आठ-दहा संस्था मिळून हवामानाचे प्रकल्प करतात म्हणजे कार्यशाळा, विमानप्रवास आणि जाडजूड अहवाल. माण-खटाव, आटपाडी, जतचा एक टँकर त्यातून कमी झाला नाही. तो सरकारी पैसा बंद करा आणि उपसा सिंचनाच्या वीजबिलाला द्या." खाली बऱ्याच जणांनी 'बरोबर आहे' म्हटलेलं पाहून राहवलं नाही.

आधी पैशाचं प्रमाण बघा. मिशन मौसमला, म्हणजे हवामान अंदाज सुधारायच्या केंद्राच्या योजनेला, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली ती दोन वर्षांसाठी २००० कोटींची, तीही अख्ख्या देशाला. रडार, उपग्रहाची माहिती, संगणक, सगळं त्यात आलं. टेंभूसारखी एकटी उपसा सिंचन योजनाच हजारो कोटींची आहे. हे सगळे पैसे वळवलेत तरी ते एकदाच मिळतील, वीजबिल मात्र दरवर्षी येतं.

संस्था एकत्र का येतात, तेही सांगतो. महाबळेश्वर ते पाचगणी रस्त्याने वीस किलोमीटर, आणि तेवढ्यात पाऊस निम्म्याहून कमी होतो. पुढे दहिवडीला पोचेपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. हे का घडतं ते एका संस्थेला एका जागेवरून मोजता येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या केंद्राच्या हवामान संशोधन संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली, कारण पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतो आणि विमान न उडवता थेंबांचे आकार मोजता येतात. पण माथ्यावरचा ढग पूर्वेकडे सरकताना कसा विरतो हे बघायला विमान, रडार आणि खालची पर्जन्यमापकं एकाच वेळी लागतात. मान्सून मोजायच्या २०१६ च्या भारत-ब्रिटन इन्कम्पास मोहिमेत विमान ब्रिटनचं होतं. केंद्राच्या मान्सून मिशनमध्ये सीएफएस हे अंदाज काढायचं संगणकी मॉडेल अमेरिकेतून आणलं आणि आपल्या मान्सूनसाठी त्यावर इथे काम झालं. आता मे २०२५ पासून देशाचा अंदाज १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीत निघतो. बारा किलोमीटरच्या चौकटीत सह्याद्रीचा कडा पसरट टेकडी होऊन जातो, मग पर्जन्यछाया तरी कुठून दिसणार?

खरं दुखणं दुसरीकडेच आहे. पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पावसाचं जूनला. तीन वर्षांचा प्रकल्प जानेवारीत मंजूर झाला की पहिला हप्ता मार्चमध्ये येतो. मग निविदा निघते आणि यंत्र ऑक्टोबरात पोचतं. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्यात यंत्र बसवणं, तपासणं आणि चुका शोधणं. तिसऱ्यात कुठे नीट नोंदी मिळू लागतात, तोवर फेलोशिपवरचा मुलगा नोकरी बघून गेलेला असतो. तीन वर्षांच्या पैशात एकच पावसाळा हाती लागतो. बंद करायचीच असेल तर ही पद्धत बंद करा, संशोधन नको.

माणदेशी

प्रमाण सांगून मूळ प्रश्नाला बगल देऊ नका. पैसा थोडा की फार, हा माझा मुद्दाच नव्हता. तो पोचतो कुठे, हा होता.

कृषी विज्ञान केंद्रांमधले जिल्हा कृषी हवामान कक्ष आठवतात? देशभरात १९९ होते. एका कक्षात एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक. आठवड्यातून दोनदा तालुकानिहाय सल्ला निघायचा: फवारणी कधी टाळा, पेरणी कधी थांबवा. शेतकऱ्यापर्यंत पोचणारा हा एवढाच धागा होता आणि मार्च २०२४ मध्ये तोच तोडला. त्यानंतर सहा महिन्यांत २००० कोटींचं मिशन मंजूर. दोन माणसांच्या पगाराला पैसा नाही, संगणकाला आहे, ह्याला काय म्हणायचं?

एका रुपयाला पन्नास रुपये फायदा, असं आता कुणीतरी सांगेल. हवामान अंदाजावरच्या खर्चाचा तो अभ्यास एनसीएईआर या दिल्लीच्या आर्थिक संशोधन संस्थेचा, पण करवून घेतला पृथ्वी विज्ञान मंत्रालयानेच. ज्याचा खर्च त्यानेच फायदा मोजून घ्यायचा, ही रीत आमच्या सोसायटीच्या लेखापरीक्षणातसुद्धा चालत नाही.

आणि पोकरा. जागतिक बँकेच्या कर्जाचा, हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प. २०१८ च्या पहिल्या टप्प्यात १५ जिल्हे घेतले: मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव. माण, खटाव, आटपाडी, जत त्यात नाहीत, कारण जिल्हा सातारा-सांगली आणि जिल्ह्याच्या पश्चिमेला ऊस आहे! जिल्ह्याच्या सरासरीने आमची कोरडी गावं बुडवली.

कृष्णाकाठ

कक्ष बंद केले ते चुकलंच, त्यात माझं दुमत नाही. पण तुमचा तो मुद्दा माझ्या बाजूचा आहे. सल्ला द्यायला तालुक्याचा अंदाज लागतो आणि तो अंदाज त्याच संगणकातून निघतो. शेवटचा दुवा तुटला म्हणून पहिलाही तोडा, असं म्हणताय तुम्ही.

बागायतदार_तासगाव

दोघंही वरवरचं बोलताय. अंदाज सहा किलोमीटरचा झाला, पण तो पडताळायचा कशावर? महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र. त्याच केंद्राच्या आकड्यावर अतिवृष्टीची मदत ठरते, फळपीक विमा ठरतो. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी. केंद्राने ६२ दाखवला की मंडळातली सगळी गावं बाहेर, मग बागेत गुडघाभर पाणी असो. केंद्र कुठे बसवलंय ते कुणी जाऊन बघत नाही. लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडला लागून, जागा मिळाली तिथे.

द्राक्षाचं तर आणखी वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (कोवळा कोंब) फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंत केवडा या बुरशीच्या रोगाची भीती असते, आणि केवडा ठरतो पान किती तास ओलं राहिलं यावर. धुकं आणि दव पडलं की पर्जन्यमापक शून्य दाखवतो, पान मात्र रात्रभर ओलं. मंडळाच्या केंद्रात तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा मोजतात. पानाच्या ओलेपणाचा सेन्सर नाही. बागायतदार स्वतःच्या पैशाने खासगी कंपनीचं यंत्र बागेत लावतो, दरवर्षी वर्गणी भरतो, आणि सामाईक प्रकल्पवाले येऊन तीच माहिती फुकट मागतात. द्यायची कशाला?

यंत्रखोली

मंडळातली केंद्रं महावेधची, सरकार आणि खासगी कंपनीच्या भागीदारीतली. संशोधन प्रकल्पाशी त्यांचा थेट संबंध नाही. पण विषय निघालाच आहे तर ६२ आणि ६५ चा फरक कसा पडतो ते लिहितो, कारण यावर फार मोघम बोललं जातं.

स्वयंचलित केंद्रात बहुतेक ठिकाणी टिपिंग बकेट असतं. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची तराजूसारखी डोलणारी पन्हळ. एक कप्पा भरला की ती पलटते आणि एक नोंद होते. एका पलटीला ०.२ किंवा ०.५ मिमी. पलटायला साधारण अर्धा सेकंद लागतो आणि त्या वेळात वरून येणारं पाणी भरलेल्या कप्प्यातच पडून वाया जातं. तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस असेल तर ०.२ मिमीची पन्हळ दर ७.२ सेकंदांना पलटते. म्हणजे तीन ते सात टक्के पाऊस मोजलाच जात नाही. वळवाच्या सरीत हे हटकून होतं. ६५ चे पाच टक्के म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. ६५ चा ६२ व्हायला एवढं पुरे. पावसाच्या वेगानुसार दुरुस्तीचं सूत्र नोंदयंत्रात भरता येतं. ते भरलंय का, हे विचारायला हवं.

याशिवाय नेहमीची दुखणी आहेतच: नरसाळ्याच्या जाळीवर पाला आणि पक्ष्यांची विष्ठा, आत कोळ्याचं जाळं किंवा गांधीलमाशीचं घर, खांब कलल्याने पन्हळ तिरकी. तिरकी पन्हळ एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा पलटते. जाळी तुंबली तर पाऊस थांबल्यावरही हळूहळू झिरपत राहतो, मग तासाच्या आलेखात सर पडायच्या जागी लांबलचक रिपरिप दिसते. दिवसाच्या बेरजेत हे सापडत नाही. महारेन या सरकारच्या पावसाच्या संकेतस्थळावर दिवसाचा आकडा मिळतो, पण दोष पकडायला दहा मिनिटांच्या नोंदी लागतात.

जागेचा नियम सोपा आहे: अडथळ्याची जेवढी उंची त्याच्या निदान दुप्पट अंतर. आठ मीटरचं लिंबाचं झाड असेल तर सोळा मीटर लांब.

बागायतदार_तासगाव

म्हणजे यंत्र कमी मोजतं हे तुम्हीच लिहून दिलंत. मग वसुली कुणाकडून करायची?

यंत्रखोली

'कमी मोजू शकतं' असं लिहिलंय. तपासल्याशिवाय कुठल्याही केंद्रावर आरोप करणार नाही आणि माझ्या नावावर तुम्हीही करू नका. तिरकी पन्हळ जास्तही दाखवते. तेव्हा कुणी तक्रार करत नाही.

वाळवेकर

पर्जन्यमापकाचं पुराण चाललंय आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर एक शब्द नाही! २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर होणार म्हणतात, त्यावर संशोधनाला पैसा…

कृष्णाकाठ

दादा, अलमट्टीवर वेगळा धागा काढा, तिथे हवं तेवढं भांडू. पण पुराचा संबंध आहे. कोयना धरण १०५ टीएमसीचं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते किती रिकामं ठेवायचं हे पुढच्या पाच-दहा दिवसांच्या अंदाजावर ठरतं. अंदाज चुकला आणि पाणी सोडून दिलं तर उन्हाळ्यात वीज आणि शेती दोन्ही अडतात, म्हणून अधिकारी हात आखडतात. पाटबंधारेवाल्यांकडे कृष्णा-भीमा खोऱ्याची आरटीडीएएस यंत्रणा आहे: पाऊस आणि नदीची पातळी तिथल्या तिथे कळते. तिच्या नोंदी आणि हवामानाचा अंदाज एकाच गणितात बसवणं, हेच सामाईक संशोधन. एकट्या खात्याला ते जमत नाही.

वाळवेकर

पाणी घरात शिरल्यावर गणित कुणाला हवंय? पण ठीक, धागा वेगळा काढतो.

हिशेबनीस

कृष्णाकाठ यांचं वेळापत्रक बरोबर आहे, कारण मात्र अर्धं सांगितलंय. सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, १२-अ नमुन्यात द्यावं लागतं. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. पैसा मुख्य संस्थेमार्फत वाटला जात असेल तर पाचांपैकी एका महाविद्यालयाचं प्रमाणपत्र अडकलं की पाचही जण थांबतात. शून्य शिलकीची खाती आल्यापासून ३१ मार्चला न वापरलेला पैसा परत जातो, नव्याने मागावा लागतो. जुलै २०२२ पासून संशोधन उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वीस लाखांच्या यंत्राला २ लाख ६० हजार जास्त. आधी मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात ते कुठून आणणार? मग सुटे सेन्सर कापले जातात, आणि पहिली वीज पडली की केंद्र बंद.

पण निविदेचं कारण आता पुढे करू नका. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल झालेत. दरपत्रकाशिवाय खरेदी दोन लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत पंचवीस लाखांपर्यंत, आणि कुलगुरू-संचालकांना जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळाबाहेरून घेता येतं. आता यंत्र ऑक्टोबरात आलं तर दोष संस्थेचा.

'परदेशी लोक पैसे देऊन डेटा नेतात' असंही वारंवार लिहिलं जातं. बेलमाँट फोरम या संशोधनाला पैसा देणाऱ्या देशोदेशीच्या संस्थांच्या गटासारख्या व्यवस्थेत प्रत्येक देश आपापल्या शास्त्रज्ञांना पैसे देतो. आपल्याकडून पृथ्वी विज्ञान मंत्रालय देतं. अडचण वेगळीच आहे: एफसीआरए या परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. गावपातळीवर मोजणी करणाऱ्या छोट्या संस्था त्यामुळे बाहेर पडल्या. सरकारी पैशाची गरज वाढली ती यामुळे.

कृष्णाकाठ

निविदेबद्दल मान्य. नियम बदलल्यावर मी जुनेच पाढे वाचत होतो. बाकी मुद्दा तसाच: प्रकल्प संपल्यावर वार्षिक देखभाल करारासाठी कुठलंच लेखाशीर्ष नसतं. किमतीच्या पाच-दहा टक्के दरसाल, एवढंच लागतं. त्याअभावी बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, पॅनेलवर धूळ साठते आणि केंद्राचा नुसता खांब उरतो. हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात, १९९१ ते २०२०. तीन वर्षांच्या खांबांनी ती कशी मिळणार?

माणदेशी

हे आधी लिहायला हवं होतं. 'बंद करा' हा शब्द मी मागे घेत नाही, पण अट घालतो. देखभालीचे दहा वर्षांचे पैसे आणि तालुक्यात सल्ला देणारी दोन माणसं अंदाजपत्रकात नसतील, तर अशा प्रकल्पाला एक रुपया नको. असतील तर माझा विरोध नाही. पोकराबद्दलचा राग कायम आहे.

कृष्णाकाठ

ही अट मलाही चालेल. जिल्ह्याऐवजी मंडळाची सरासरी धरली तर तुमचा पोकराचा दावाही टिकतो. पण त्यासाठी मंडळाचे आकडे खरे लागतील, म्हणजे गाडी परत त्या पन्हळीवरच येते.

बागायतदार_तासगाव

मग बोलत काय बसलाय? तपासायचं कसं ते सांगा.

यंत्रखोली

केंद्राला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, मंडल अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांच्यासमोर पंचनामा करा. ओतलेलं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जाईल, त्यामुळे कंपनीला आधी कळवून तेवढा वेळ 'चाचणी' म्हणून वगळायला सांगा. नाहीतर कोरड्या दिवशी मंडळात ३२ मिमी पाऊस लागेल.

नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. २० सेमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेमी, म्हणजे १ मिमीला ३१.४ मिली. काचेच्या मोजपात्राने बरोबर एक लिटर घ्या आणि सलाईनच्या नळीने चाळीस मिनिटांत सोडा. नोंद ३१.८ मिमीच्या जवळ यायला हवी. मग तेच एक लिटर वीस मिनिटांत सोडा. दुसऱ्या वेळी आकडा स्पष्ट कमी आला तर वेगाची दुरुस्ती भरलेली नाही, असं समजा. दोन्ही वेळा सारखाच कमी आला तर पन्हळीचे स्क्रू हललेत. जाळी आधी साफ करू नका. आहे त्या स्थितीत एकदा आणि साफ करून एकदा, असं दोनदा मोजा.

आणि चार-पाच मीटरवर हाताचा साधा पर्जन्यमापक लावून चार महिने सकाळी साडेआठला वाचा. ही खरी परीक्षा.

बागायतदार_तासगाव

मेच्या पहिल्या आठवड्यात अर्ज देतो. बागेतल्या यंत्राच्या नोंदीही देईन, पण एका अटीवर: मंडळाच्या केंद्राची दहा मिनिटांची नोंद आधी दाखवा.

माणदेशी

दहिवडीच्या केंद्रावरही करा. हाताचा मापक रोज वाचायला माणसं मी देतो.