मदत हवी आहे: फौजेतून पेन्शनवर येतोय, ट्रॅक्टर-पिकअपचं गॅरेज टाकायचंय. मजुरी, उधारी आणि पेन्शन विकण्याबद्दल सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

मी ईएमईत (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) व्हेईकल मेकॅनिक आहे, हुद्दा हवालदार. 24 वर्षांची नोकरी पुरी करून काही महिन्यांत घरी येतोय. गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्या पट्ट्यात फौजी भरपूर, त्यामुळे रिटायर झाल्यावर काय करायचं याची उत्तरं पारावर तयारच असतात. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहा, एमआयडीसीत सिक्युरिटीला लाग, नाहीतर डीएससीत (फौजी ठिकाणांची राखण करणारं दल) परत भरती हो. डीएससी वाईट नाही, पण परत घरापासून लांब. आता ते नको.

रस्त्याला लागून वडिलांच्या नावावर दोन गुंठे जागा आहे. तिथं पत्र्याचं शेड मारून ट्रॅक्टर, पिकअप आणि छोटा हत्ती यांची कामं घ्यायचा विचार आहे. कामाची भीती नाही. स्टॅलियन ट्रकपासून जिप्सीपर्यंत सगळं उघडून बसवलंय, लडाखच्या थंडीत गाड्या चालू केल्यात. बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचं सेन्सरचं काम शिकावं लागेल, पण आमच्याकडचे निम्मे ट्रॅक्टर अजून जुन्या पंपावरच आहेत.

अडचण वेगळीच आहे. मला पैसे मागता येत नाहीत. हसू नका. फौजेत गाडी आली की जॉब कार्ड बनतं, स्पेअर स्टोअरमधून निघतो, रोड टेस्ट होते, गाडी युनिटला परत. या कामाचे किती झाले, हा प्रश्नच कधी आला नाही. मागच्या सुट्टीत भावकीतल्या एकाच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक अख्खा दिवस घालवून नीट केलं. त्यानं विचारलं, "किती द्यायचे मेजर?" (आमच्याकडे शिपाई असो की सुभेदार, गावासाठी सगळे मेजरच.) तोंडातून निघून गेलं, "राहू दे की." बायकोनं रात्री त्यावर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

त्यात आमचा सगळा भाग उसाचा. सीझनला ट्रॅक्टर रात्री दोन वाजता बंद पडला तरी लगेच पाहिजे, आणि पैसे मात्र "वाहतुकीचं बिल निघालं की". बिल कधी निघणार ते कारखान्याला माहीत.

तर विचारायचं आहे ते असं. मजुरी ठरवायची कशी? उधारी किती आणि कुणाला? आणि पेन्शनचा 50 टक्के भाग विकून (म्हणजे तेवढी पेन्शन सोडून एकरकमी पैसे घेऊन) ती रक्कम धंद्यात घालावी का? मेहुणे म्हणतात घाल, कर्ज कशाला. जे स्वतः यातून गेलेत त्यांनी जरूर लिहा.

माजी_नाईक_वाळवा:
जय हिंद मेजर. पेन्शन विकायची तर खुशाल विका, पण तो पैसा घरासाठी किंवा मुलांसाठी. शेडच्या पत्र्यात नको. विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो आणि महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवरच मिळतो हे खरं, पण तोवर दर महिन्याला हातात कमी येणार. गॅरेज पहिली दोन वर्षं पोट भरेलच असं नाही. तेव्हा घर पेन्शनवरच चालतं.

भांडवलासाठी पीएमईजीपी (नव्या धंद्याला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना) बघा. माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतो. प्रकल्पाच्या खर्चात स्वतःचे 5 टक्के, आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान. सेवा उद्योगाला प्रकल्पाची मर्यादा 20 लाख. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. मुख्य गोष्ट म्हणजे ही योजना फक्त नव्या धंद्याला आहे. आधी गॅरेज सुरू करून मग अर्ज केलात तर बाद. योजनेला मंजुरी ठरावीक वर्षांपुरतीच असते, मागची 2025-26 पर्यंतची होती, म्हणून आत्ता चालू आहे का ते आधी विचारा, घरी येऊन आराम करू मग बघू असं करू नका. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणी करायची आहेच, त्याच फेरीत जिल्हा उद्योग केंद्रातही जाऊन या.

वहीखातं:
उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी नोंदणीतली वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट फक्त माल विकणाऱ्याला. तुम्ही मजुरीही घेणार, म्हणजे तुमची मर्यादा 20 लाखांची, आणि त्यात पार्टची विक्रीही मोजली जाते. म्हणून सुरुवातीला पार्ट गिऱ्हाइकालाच दुकानातून आणू द्या. उलाढाल फुगत नाही आणि पार्टच्या भावावरून वादही होत नाहीत.

फौजीची_बायको:
दादा, आमचं पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे. हेही पैसे मागायला लाजायचे. आता गल्ल्यावर मी बसते. हे मशीनपाशी, हिशेब माझ्याकडे. कुणी यांना म्हणालं की जरा कमी करा मेजर, तर हे म्हणतात मॅडमना विचारा. मजुरीचा फलक लावा, म्हणजे तोंडानं सांगायचीच वेळ येत नाही. ऑइल बदलणं, क्लच प्लेट, हायड्रॉलिक, सगळ्याचे दर लिहा. जवळच्या दोन-तीन गॅरेजात विचारून त्याच्या आसपास ठेवा. स्वस्त ठेवलेत तर माणसं काम बघून येत नाहीत, फुकटाच्या आशेनं येतात.

उधारी बंद असं कुणी सांगेल, ते शहरातलं. उसाच्या गावात तसं चालत नाही. पार्टचे रोख, मजुरी उधार, आणि मागची बाकी असेल तर नवीन काम नाही. भावकीलाही तेच.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. कॉम्प्रेसर बघून ठेवला होता, तो आता कर्जाच्या मंजुरीनंतरच. ताई, तुमचं उत्तर घरी पाठवलं. तिकडून फलकाचा मजकूर आला पण, आणि हायड्रॉलिकचा दर मी लिहिला असता त्याच्या दुप्पट आहे. एक राहिलं: बीएस-6 पिकअपसाठी स्कॅनर (सेन्सरचे बिघाड दाखवणारं यंत्र) पहिल्या दिवसापासून घ्यावा, की वर्षभर ती कामं साताऱ्याला पाठवावीत? कुणी वापरत असेल तर किंमत आणि अनुभव दोन्ही लिहा.